आधी बादली, मग बाजार

आपल्या घरांतून रोज जो कचरा बाहेर पडतो, त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि उरलंसुरलं अन्न असतं. हे सगळं मातीत गेलं तर खत होतं. तेच प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून घंटागाडीत गेलं, डेपोवरच्या ढिगाखाली दबलं आणि हवा मिळेनाशी झाली, की त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांचा हिशेब केला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. शिवाय तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं, तेव्हा मुंबईवर दिवसचे दिवस धूर होता. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी सोसला, त्याविरुद्ध रस्त्यावर उतरून आंदोलनं केली.

म्हणून पर्यावरणाला जपत, पण खिशाला न जाळता जगायचं तर सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: ओल्या कचऱ्यापासून. बांबूचा टूथब्रश आणि स्टीलची स्ट्रॉ नंतर बघता येईल.

यासाठी महागडा कंपोस्टर लागत नाही. रंगाची पंधरा-वीस लिटरची रिकामी बादली पुरते. तापवलेल्या सळईने तिच्या तळाला आणि चहूबाजूंनी भोकं पाडायची, खाली ताटली ठेवायची. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर दोन-तीन इंच वाळका पाला. मग रोजचा ओला कचरा बारीक चिरून घालायचा आणि दर वेळी त्यावर तो पूर्ण झाकेल इतका पाला पसरायचा. सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा थोडं आंबट ताक घातलं की विरजण लागतं. आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं. आतला माल मुठीत घट्ट दाबला तर हाताला ओल लागावी, पण पाणी टपकू नये, इतकाच तो ओला हवा.

बहुतेक लोक पहिल्या पंधरवड्यात सोडून देतात, ते वासामुळे. वास येतो याचा अर्थ एकच: पाणी जास्त झालंय आणि हवा कमी पडतेय. पाला वाढवा, ढवळा, दोन-तीन दिवस नवा कचरा घालू नका, वास जातो. दुसरी धास्ती अळ्यांची. करड्या, जाडसर अळ्या दिसल्या तर त्या बहुधा सोल्जर माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. किळस वाटत असेल तर पाल्याचा थर जाड करा, त्या खाली जातात. तेलकट भाजी, मासे-मटण यांच्या वाटेला मात्र सुरुवातीला जाऊ नये. दीड-दोन महिन्यांत तळाशी काळसर, भुसभुशीत खत तयार होतं आणि त्याला मातीचाच वास येतो.

पाला कुठून आणायचा? शहरात तो सोसायटीच्या आवारात ढिगाने पडतो आणि सकाळी सकाळी झाडलोट झाली की पेटवला जातो. याहून मूर्खपणाचा अपव्यय दुसरा नसेल. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमाने साधी गोष्ट केली: ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना तो हवा आहे, त्यांची गाठ घालून दिली. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही एवढं जमू शकतं.

सुक्या कचऱ्याबाबत एवढंच: दुधाच्या पिशव्या धुऊन द्या, फुटकी काच वेगळी बांधा. १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पुण्यात निघाली. तिथे काम करणाऱ्या बायकांचं एक साधं मागणं आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे कुणाला ते हाताने उघडून पाहावं लागणार नाही. याला खर्च शून्य. हे कुठल्याही घराने उद्यापासून सुरू न करण्याचं एकही कारण मला सापडत नाही.

आता विजेकडे. दिवे बहुतेकांनी एलईडी केले, पण डोक्यावरचा पंखा तोच राहिला. जुन्या साध्या पंख्याला साधारण ७५ वॉट लागतात, बीएलडीसी मोटरच्या पंख्याला तीसच्या आसपास. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला सुमारे सोळा युनिटं वाचतात. युनिटमागे दहा रुपये धरले तर १६० रुपये. नवा पंखा अडीच-तीन हजारांना येतो, म्हणजे दीड-दोन वर्षांत पैसे वसूल आणि पुढची सगळी वर्षं फायद्याची. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. जो सर्वात जास्त फिरतो तो आधी, बाकीचे बिघडतील तसतसे. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो, शंभर युनिटांनंतर वेगळा, तीनशेनंतर आणखी वेगळा. त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या सर्वात महाग टप्प्यातलं असतं. टीव्ही बंद केल्यावरही सेट टॉप बॉक्स चालूच राहतो. तो दहा वॉट घेत असेल तर महिन्याला सात युनिटं काहीही न पाहता जातात. भिंतीवरचं बटण बंद करायला काही पडत नाही. एसी असेल तर ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब लक्षात ठेवा: तापमान एक अंशाने वाढवलं की वीज सुमारे सहा टक्क्यांनी कमी लागते.

स्वयंपाकाच्या गॅसचं गणित त्याहून सोपं आहे. पाणी एकदा उकळलं की ज्योत कितीही मोठी केली तरी ते अधिक तापत नाही, फक्त वाफ वाढते. म्हणून उकळी आली की गॅस बारीक आणि पातेल्यावर झाकण. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांपर्यंत तापतं आणि म्हणून डाळ लवकर शिजते. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद केली तरी हा दाब टिकतो. सहा-सात शिट्ट्या म्हणजे पैसे देऊन घेतलेली वाफ खिडकीतून सोडणं. तूरडाळ तासभर, हरभरे रात्रभर भिजवा, भात-डाळ एकाच कुकरमध्ये भांड्यावर भांडं ठेवून लावा आणि बंद केलेल्या कुकरची वाफ आपोआप जिरू द्या.

पाण्याची मोठी उधळपट्टी आरओ यंत्र करतं. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यासाठी अनेकदा तीन लिटर मोरीत सोडतो. हे यंत्र क्षार काढण्यासाठी आहे. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असले तर भारतीय मानकानुसार पाणी स्वीकारार्ह आहे, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही त्याखालच्या पाण्यासाठी आरओ नको, अशी भूमिका घेतली. मुंबई-पुण्याला धरणांतून येणारं पालिकेचं पाणी सहसा या मर्यादेच्या बरंच खाली असतं. तिथे साधा गाळणीचा किंवा यूव्ही फिल्टर भागवतो. बोअरवेलचं खारं पाणी पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना आरओ लागतोच. त्यांनी निदान त्याचं सांडपाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरावं.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार टोचते. पर्यावरणाच्या नावाने जे काही सुचवलं जातं, ते बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या कामात भर घालतं. कचरा चिरायचा तिने, पाला पसरायचा तिने, सांडपाण्याच्या बादल्या उचलायच्या तिने. अशी व्यवस्था टिकत नाही आणि टिकूही नये. कंपोस्टची बादली घरातल्या पुरुषाची किंवा शाळकरी मुलांची जबाबदारी असावी. दिवसाला पाच मिनिटांचं काम आहे.

खरेदीचं म्हणाल, तर घरात असलेले प्लास्टिकचे डबे फेकून काचेच्या बरण्या आणणं यात पर्यावरणाचा काडीचाही फायदा नाही. जे आहे ते झिजेपर्यंत वापरा. मिक्सर बिघडला तर आधी दुरुस्तीवाल्याकडे न्या.

वीजबिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. पुढचं बिल आलं की रुपये बाजूला ठेवा आणि गेल्या वर्षी याच महिन्यात किती युनिटं जळली होती ते बघा. तो आकडा आणि या महिन्याचा आकडा शेजारी शेजारी लिहून फ्रिजवर चिकटवा, आणि घरातल्या सगळ्यांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहा.