चुंबक आणि सुवर्ण : शरीरप्रतिमादर्शनातील संकरित अब्जांशकण

शरीर न उघडता त्याच्या अंतर्भागाची अवस्था पाहण्याची अनेक साधने आज वैद्यकास उपलब्ध आहेत. परंतु त्यांपैकी एकही सर्वगुणसंपन्न नाही. चुंबकीय अनुस्पंदनावर आधारलेली प्रतिमा, म्हणजे एम. आर. आय., मृदू ऊतकांमधील भेद उत्तम दाखविते. पण ती घेण्यास वेळ लागतो. क्ष-किरणांवर आधारलेली सी. टी. प्रतिमा त्वरित मिळते. मात्र मृदू ऊतकांतील सूक्ष्म फरक तिला तितकेसे साधत नाहीत. प्रकाशावर आधारलेल्या पद्धती अतिशय संवेदनशील असतात, तथापि प्रकाश शरीरात फार खोल जाऊ शकत नाही. अशा स्थितीत एकच सूक्ष्म कण दोन साधनांना एकाच वेळी दिसावा आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, ही कल्पना पुढे आली. चुंबकीय द्रव्य व धातू यांच्या संयोगाने बनविलेले संकरित अब्जांशकण हे तिचेच फळ होय.

प्रस्तुत लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे. पदार्थविज्ञानातील अधिकार तो सांगत नाही. परंतु परिभाषेचा विचार करू लागले म्हणजे शब्दाआधी वस्तू समजून घ्यावी लागते. ‘संकरित’ या एका विशेषणाखाली किती भिन्न रचना एकत्र येतात, आणि तो शब्द किती गोष्टी झाकून ठेवतो, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम चुंबकीय घटकाचा विचार करू. मॅग्नेटाइट हे लोहाचे ऑक्साइड आपल्या परिचयाचे आहे. त्याचा मोठा तुकडा घेतल्यास त्यात अनेक चुंबकीय प्रक्षेत्रे असतात. कणाचा व्यास सुमारे 20 नॅनोमीटरच्या खाली गेला, की संपूर्ण कण हेच एक प्रक्षेत्र बनते. शिवाय सामान्य तापमानाची उष्णताच त्याच्या चुंबकत्वाची दिशा सतत उलटसुलट करू लागते. लुई नेएल यांनी 1949 मध्ये या वर्तनाची मीमांसा केली. बाह्य क्षेत्र असेपर्यंत असा कण प्रबळ चुंबक असतो. क्षेत्र काढून घेताच त्याचे चुंबकत्व सरासरीने शून्य होते. या गुणास अतिसमचुंबकत्व म्हणतात. वैद्यकाच्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे; कारण कण कायमचे चुंबक असते, तर ते एकमेकांना चिकटून रक्तवाहिनीत गुठळ्या होण्याची भीती राहिली असती.

एम. आर. आय. यंत्र शरीरातील मुख्यतः पाण्याच्या हायड्रोजन अणुकेंद्रांचा संदेश टिपते. 1.5 टेस्ला क्षेत्रात ही केंद्रे सेकंदास सुमारे 6 कोटी 40 लाख वेळा परिभ्रमण करतात. लोहकणाच्या आसपास क्षेत्र विषम झाल्याने त्यांची परस्परांतील लय लवकर मोडते आणि तो भाग प्रतिमेत काळा दिसतो. 1996 मध्ये अमेरिकेत यकृताच्या परीक्षणासाठी अशा कणांचे एक औषध मान्य झाले होते. निरोगी यकृतातील भक्षक पेशी कण गिळतात व यकृत काळवंडते. अर्बुदात बहुधा त्या पेशी नसल्याने ते उजळ राहते. ते औषध पुढे बाजारातून नाहीसे झाले. या पद्धतीतील एक मूलभूत अडचण मात्र कायम आहे : रक्तस्राव किंवा हवेचा बुडबुडा हीदेखील काळीच दिसते. काळेपणाचा अर्थ लावावयास दुसरा साक्षीदार हवा असतो.

तो साक्षीदार सुवर्ण होऊ शकेल काय? मायकेल फॅराडे यांनी 1857 मध्ये सुवर्णाच्या माणकासारख्या लाल कलिलांवर संशोधन प्रसिद्ध केले. त्यांच्या रंगाची गणिती उपपत्ती गुस्टाफ मी यांनी 1908 मध्ये मांडली. सुवर्णकणातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या दोलनांशी अनुस्पंदित होतात. लहान गोल कणांच्या बाबतीत हे सुमारे 520 नॅनोमीटर तरंगलांबीस घडते. कण दंडाकृती केला किंवा त्यास पोकळ कवचाचे रूप दिले, तर ही तरंगलांबी अवरक्ताच्या निकट जाते आणि तेथे ऊतके प्रकाशास अधिक वाट देतात. प्रकाशाचा क्षणिक झोत शोषून कण तापतो, भोवतालचे द्रव्य प्रसरण पावते व श्राव्यातीत ध्वनी उमटतो. तो टिपून प्रतिमा काढता येते. यास प्रकाशध्वनी-प्रतिमादर्शन म्हणता येईल. याखेरीज सुवर्णाचा अणुक्रमांक 79, तर सी. टी.साठी नित्य वापरल्या जाणाऱ्या आयोडीनचा 53. 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या क्ष-किरणांना सुवर्ण तितक्याच वजनाच्या आयोडीनपेक्षा अडीचपटीहून अधिक अडविते.

आता संयोगाकडे वळू. एका रचनेत लोह-ऑक्साइडचा गाभा व त्यावर सुवर्णाचे कवच असते. सुवर्ण ऑक्साइडवर सहजासहजी पसरत नसल्याने पुष्कळदा मध्ये सिलिकाचा थर द्यावा लागतो. दुसऱ्या रचनेत डंबेलप्रमाणे एका बाजूस सुवर्णाचा व दुसऱ्या बाजूस ऑक्साइडचा गोळा असतो. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी 2005 मध्ये असे कण तयार केल्याचे प्रसिद्ध केले. हे शक्य होण्याचे कारण स्फटिकरचनेत आहे. मॅग्नेटाइटच्या स्फटिकाचा मूळ घन 0.84 नॅनोमीटर बाजूचा, तर सुवर्णाचा 0.408 नॅनोमीटर, म्हणजे दोन सुवर्णघन एका मॅग्नेटाइटघनाशी सुमारे तीन टक्क्यांच्या फरकाने जुळतात. त्यामुळे एकाच्या पृष्ठावर दुसरा वाढू शकतो.

व्याकरणाच्या अभ्यासकास येथे समासांची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. डंबेल हा द्वंद्वासारखा : दोन्ही पदे प्रधान, दोन्ही पृष्ठे उघडी. कवचयुक्त कण तत्पुरुषासारखा : बाह्य जगाशी व्यवहार एकाच पदाचा, दुसरे त्याच्या आश्रयास. दृष्टांत यापुढे ताणू नये. परंतु ‘संकरित’ हा शब्द या दोहोंतील भेद सांगत नाही, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. सुवर्णाचे कवच पाण्याच्या रेणूंना चुंबकीय गाभ्यापासून दूर ठेवते, आणि गाभ्याजवळच क्षेत्र सर्वांत विषम असते. त्यामुळे कवच जाड होईल तसा एम. आर. आय. मधील प्रभाव घटतो. एका ग्रॅम द्रव्यामागील चुंबकत्वही कमी होते. याहून कठीण प्रश्न मात्रेचा आहे. एम. आर. आय. ला मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅम लोह जाणवू शकते, सी. टी. स सुवर्ण मिलिग्रॅमच्या मापाने लागते. एका कणातील दोहोंचे प्रमाण तर ठरलेले असते. एम. आर. आय. पुरती मात्रा दिली, तर सी. टी. आंधळी राहते; सी. टी. पुरती दिली, तर एम. आर. आय. मध्ये अवघा प्रदेश काळाठिक्कर पडतो. चुंबकत्वाची जोडी क्ष-किरणांपेक्षा प्रकाशध्वनीशी अधिक सुखाने जमावी, असे यावरून दिसते.

शेवटी रुग्णाचा प्रश्न उरतो. प्रौढ शरीरात तीनचार ग्रॅम लोह असतेच. ऑक्साइडमधील लोह हळूहळू त्या साठ्यात मिसळू शकते. सुवर्णाची तशी वाट नाही. सुमारे साडेपाच नॅनोमीटरपेक्षा मोठे कण मूत्रपिंडातून बाहेर पडत नाहीत. ते यकृतात व प्लीहेत दीर्घकाळ राहतात. ही शंका पुस्तकी नव्हे. एम. आर. आय. साठी 1988 पासून वापरात असलेल्या गॅडोलिनियमच्या संयुगांचा मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांतील एका घातक त्वचाकाठिण्याशी असलेला संबंध 2006 मध्ये लक्षात आला. 2009 मध्ये पांडुरोगावर मान्य झालेल्या एका लोहकण-औषधास 2015 मध्ये प्राणघातक प्रतिक्रियांचा ठळक इशारा जोडावा लागला. रुग्णास टोचल्या जाणाऱ्या द्रव्याचा पूर्ण परिचय होण्यास कित्येक वर्षे लागतात, हा यातील धडा आहे.

म्हणून या विषयावरील निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. रचना नेमकी कोणती? दोन्ही प्रतिमा एकाच मात्रेवर, एकाच प्राण्यात मिळाल्या काय, की निरनिराळ्या परीक्षानळ्यांत? आणि परीक्षण संपल्यावर सुवर्ण कोठे गेले? यांची उत्तरे देणारे संशोधन रुग्णशय्येच्या एक पाऊल जवळ जाते. ज्यात ती नाहीत, त्यात ‘संकरित’ हा शब्द अजून केवळ विशेषणच आहे, असे समजावे.