गेमिंगचा प्रोसेसर : आता घ्यावा की थांबावे?

पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. तेथे येणारा खरेदीदार पुढील वर्षी याहून सरस जनावर येईल का, याची चिंता करीत बसत नाही. आपल्याला किती ओझे वाहायचे आहे ते ठरवून तो पारख करतो. संगणकाच्या बाजारात मात्र याच्या उलट घडते. गेम खेळण्यासाठी नवा प्रोसेसर घेऊ इच्छिणारा तरुण ‘पुढची पिढी येऊ द्या’ असे म्हणत महिनोन्महिने थांबतो, किंवा घाईने महागडा प्रोसेसर घेतो आणि तरीही गेम पूर्वीसारखाच अडखळतो. पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात अनेक घरांत मोठी रक्कम कापूस विकल्यावर किंवा ऊसतोडीचा हंगाम संपल्यावरच हाती येते. तोच संगणक मुलांच्या अभ्यासाला आणि ऑनलाइन अर्जांनाही लागतो. तेथे खरेदीतील चूक पाच-सहा वर्षे निस्तरावी लागते. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेणे आवश्यक आहे.

अडचण नेमकी कोठे?

गेममधील प्रत्येक चित्रचौकटीसाठी दोन कामे होतात. खेळाडू कोठे आहे, गोळी कोणाला लागली, प्रतिस्पर्धी कोणत्या दिशेने वळला, हा सारा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून प्रत्यक्ष चित्र रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. या दोहोंपैकी जो मंद, त्याच्या वेगाने गेम चालतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक गेममध्ये प्रोसेसरवर अधिक भार पडतो. सायबरपंक २०७७ सारख्या भव्य दृश्यांच्या गेममध्ये बहुधा ग्राफिक्स कार्डाची दमछाक होते.

याची परीक्षा घरीच, एकही पैसा खर्च न करता करता येते. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन व चित्राचा दर्जा कमी करावा. त्यामुळे दर सेकंदाच्या चौकटींची संख्या लक्षणीय वाढली, तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा आहे. नव्या प्रोसेसरने विशेष फरक पडणार नाही. संख्या जवळपास तेवढीच राहिली, तर प्रोसेसर कमी पडत आहे असे समजावे. आणखी एक गोष्ट पाहावी. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ६० चौकटीच पूर्णपणे दाखवू शकतो. आपला गेम तेवढ्या चौकटी स्थिरपणे देत असेल, तर प्रोसेसरवरील खर्च डोळ्यांना क्वचितच जाणवेल.

थांबलेल्यांना काय मिळाले?

थांबण्याचे फळ नेहमीच गोड नसते, हे २०२४ या एका वर्षाने दाखवून दिले. ऑगस्टमध्ये एएमडीची रायझन ९००० मालिका आली. गेममध्ये तिची आधीच्या मालिकेवरील आघाडी अल्प होती. ऑक्टोबरमध्ये इंटेलची कोअर अल्ट्रा २०० एस मालिका आली. ती वीज कमी खात असली, तरी अनेक गेममध्ये इंटेलच्याच चौदाव्या पिढीच्या मागे पडली. शिवाय तिच्यासाठी नवा मदरबोर्डही घ्यावा लागत होता. नोव्हेंबरमध्ये मात्र एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी आला आणि गेमिंगमध्ये त्याने स्पष्ट आघाडी घेतली. त्याचे रहस्य ९६ मेगाबाइटच्या एल३ कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरला अगदी लगत असलेल्या वेगवान स्मृतीत आहे. माहितीसाठी वारंवार रॅमकडे धाव घ्यावी लागत नाही, म्हणून गेमचा हिशेब लवकर उरकतो.

तात्पर्य, ‘नवी पिढी’ या शब्दांवर विसंबून थांबणे व्यर्थ आहे. जाहीर तारीख जवळ असेल, तर महिना-दोन महिने थांबून स्वतंत्र चाचण्यांचे आकडे पाहणे इष्ट. त्याहून लांबच्या अफवांवर वर्ष घालवू नये.

खर्च प्रोसेसरपुरता नसतो

खरा निर्णय प्रोसेसरपेक्षा सॉकेट आणि रॅमवर अवलंबून आहे. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरील प्रोसेसरची बैठक. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१७च्या पहिल्या रायझनपासून अनेक वर्षे चालले. त्यामुळे २०१९ साली रायझन ५ ३६०० घेतलेल्या ग्राहकाला त्याच बोर्डवर, बायोस अद्ययावत करून, २०२२ चा रायझन ७ ५७००एक्स बसविता येतो. मात्र बोर्डच्या निर्मात्याच्या यादीत त्याचे नाव आहे का, हे आधी तपासावे. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ला २०२७ पर्यंत व त्यापुढेही पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर बारावी, तेरावी व चौदावी पिढी चालते. कोअर अल्ट्रा २०० एस मालिकेसाठी वेगळे सॉकेट लागते.

एएम५ आणि कोअर अल्ट्रा २०० एस यांना डीडीआर५ रॅमच लागते. येथेच अलीकडे मोठा खड्डा पडला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरनी मेमरी चिपची मागणी इतकी वाढविली, की २०२५च्या अखेरच्या काही महिन्यांत ३२ जीबी डीडीआर५ रॅमचे भाव दुपटी-तिपटीवर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. अशा स्थितीत प्रोसेसर स्वस्त मिळाला, तरी बोर्ड आणि रॅमसह होणारी बेरीज भारी पडू शकते. ज्यांच्याकडे चांगली डीडीआर४ रॅम व एएम४ बोर्ड आहे, त्यांनी तोच बोर्ड ठेवून केवळ प्रोसेसर बदलणे हा सर्वांत किफायतशीर मार्ग आहे.

रुपयाचाही हिशेब करावा लागतो, कारण हे प्रोसेसर आयात होतात. ९८००एक्स३डीचा अमेरिकेतील प्रारंभीचा भाव ४७९ डॉलर होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये डॉलर सुमारे ८४ रुपयांचा होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० चा टप्पा ओलांडला. डॉलरमधील भाव तोच धरला, तर १८ टक्के जीएसटीसह केवळ विनिमयदरामुळे सुमारे ३,४०० रुपयांचा फरक पडतो. ‘थांबलो की स्वस्त होईल’ हा जुना नियम यामुळे ढिला पडला आहे.

उष्मा, वीज आणि हमी

आपल्या भागातील उन्हाळा आणि विजेचा लपंडाव विसरून चालणार नाही. ९८००एक्स३डीची निर्धारित क्षमता १२० वॉट आहे, तर इंटेलच्या कोअर आय९-१४९००के ची कमाल मर्यादा २५३ वॉट. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच भार पेलतो. मोठे ग्राफिक्स कार्ड असल्यास तो अपुरा पडेल. तो खर्चही अंदाजपत्रकात धरावा.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतील अनेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अतिरिक्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. कंपनीने दुरुस्तीचे मायक्रोकोड दिले आणि त्या प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढविली. तथापि एकदा झालेली हानी मायक्रोकोडने भरून निघत नाही. म्हणून या पिढ्यांचा वापरलेला प्रोसेसर घेताना विशेष सावध राहावे. अहिल्यानगर असो, पुण्याची तपकीर गल्ली असो वा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पक्के बिल आणि सीलबंद डबा यांचा आग्रह धरावा. डब्याविना सुट्या मिळणाऱ्या प्रोसेसरला कंपनीची हमी बहुधा नसते.

मग निर्णय काय?

सध्याचा संगणक आपला गेम मॉनिटरच्या क्षमतेइतका चालवीत असेल, तर थांबावे. अडथळा ग्राफिक्स कार्डाचा असेल, तर प्रोसेसरचा विषयच सोडून द्यावा. एएम४ बोर्ड असेल, तर त्याच बैठकीतील चांगला प्रोसेसर आताच घ्यावा. ते भाग जुने होत असल्याने उपलब्धता कमी होत जाणार आहे.

संगणक इंटेलच्या सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचा असेल, तर मात्र फार काळ थांबणे हिताचे नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, तर विंडोज ११ साठी आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि टीपीएम २.० अपेक्षित आहे. विंडोज ११ वर व्हॅलोरंटलाही टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते. स्वस्तात मिळणारे जुने कार्यालयीन संगणक घेताना पालकांनी हे आवर्जून तपासावे. पूर्ण नवा संगणक घ्यायचाच असेल, तर एएम५ वर मध्यम किमतीचा सहा कोअरचा प्रोसेसर घ्यावा आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्ड व रॅमकडे वळवावेत. पुढे हाती पैसा आल्यावर त्याच बोर्डवर अधिक सक्षम प्रोसेसर बसविण्याची वाट खुली राहते.