गाडीचा सांगाडा : चुरगळणारा पत्रा

या आठवड्यात स्टिअरिंगच्या दांड्याबद्दल लिहायचं ठरलं होतं, ते पुढच्या वेळी. कोहमाऱ्याच्या एका वाचकाने विचारलंय, "वडिलांची ॲम्बेसेडर कशालाही धडकली तरी नुसता बंपर वाकायचा. आताच्या गाडीचं बोनट गाईच्या धक्क्यानेही चेपतं. मग जुनीच गाडी बरी नव्हे का?" सडक अर्जुनीच्या प्रत्येक गॅरेजात हे ऐकू येतं, म्हणून आधी त्याचं उत्तर.

पत्रा जाड होता, हे खरंच. पण धडकेचा जोर कुठेतरी जिरावाच लागतो. पत्र्यात जिरला नाही, तर आतल्या माणसाच्या छातीत आणि मानेत जिरतो. ताशी 60 किलोमीटरच्या वेगातला माणूस 20 सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्या अंगावर वजनाच्या सुमारे 70 पट जोर येतो. थांबायला 60 सेंटिमीटर मिळाले, तर सुमारे 24 पट. हे जास्तीचे 40 सेंटिमीटर मिळवायलाच बोनट चुरगळतं. पुढचा-मागचा भाग मऊ आणि मधली केबिन कडक, ही युक्ती मर्सिडीजच्या बेला बारेन्यी यांची. 1959च्या मॉडेलमध्ये ती प्रत्यक्षात आली.

ॲम्बेसेडरला वेगळी चासी होती, असंही पुष्कळांना वाटतं. नव्हती. ती मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, पत्र्याचा सांगाडाच भार पेलणारी गाडी. शिडीसारखी वेगळी चासी असते ती जीपला, आपल्या काळी-पिवळीला. अशी चासी ओझं उत्तम वाहते. मात्र खास तशी घडवलेली नसेल, तर धडकेत सहजी दबत नाही.

जुनी जाड गाडी खरंच वाचवते का, ते एका चाचणीत दिसलं. 2009मध्ये अमेरिकेत 1959ची शेवरोले बेल एअर आणि 2009ची शेवरोले मालिबू ताशी 64 किलोमीटरने समोरासमोर, अर्ध्या बाजूने धडकवल्या. जाड चासीच्या बेल एअरची केबिनच कोसळली. तिच्यातला चालक वाचला नसता. मालिबूत चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या पायाला किरकोळ इजा दिसली.

अर्थात, नवी म्हणजे सुरक्षित असंही नाही. 2014मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेने तपासलेल्या पाच भारतीय गाड्यांना सुरक्षिततेचे शून्य तारे मिळाले. काहींची केबिनच टिकली नव्हती, तिथे एअरबॅग लावूनही फारसा उपयोग नव्हता. ताशी 56 किलोमीटरची समोरची धडक-चाचणी आपल्याकडे 2017पासून नव्या मॉडेलना सक्तीची झाली. 2018च्या डिसेंबरात रांजणगावला तयार होणाऱ्या नेक्सॉनने पाच तारे मिळवले, याचा मला आजही अभिमान वाटतो. 2023पासून भारत एनकॅपचे तारे आहेत. गाडी घेताना मायलेजच्या आधी ते विचारा.

आता माझं जुनं दुखणं. आपल्याकडच्या महामार्गावर रानडुकरं आणि गुरं आडवी येतात म्हणून नव्या गाड्यांना लोखंडी बुलगार्ड बसवतात. तो गार्ड धडकेचा जोर थेट सांगाड्यात पोचवतो, चुरगळायच्या भागाला काम करू देत नाही, एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेबही चुकवू शकतो. पायी चालणाऱ्याचं तर हाडच मोडतो. केंद्राने डिसेंबर 2017मध्ये त्यावर बंदी घातली आहे. तुमच्या गाडीला असेल, तर या आठवड्यातच गॅरेजात जाऊन काढून टाका, आणि मागच्या सीटवरही पट्टा लावा.