काडीच्या पोटातली पोकळी
सिरॅमिकचं हाड म्हटलं की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला: "एवढी भोकं कशाला? भरीव केलंत तर मजबूत नाही का होणार?" होईल ना! पण मग रुग्णाचं स्वतःचं हाड आत शिरणार कुठून? पेशी आणि रक्तवाहिन्या आत जायला भोकं किमान १०० मायक्रॉनची लागतात, ३०० च्या आसपास असली तर उत्तम. शिवाय ती एकमेकांना जोडलेली हवीत.

आमच्याकडे सुरुवात होते स्पंजच्या तुकड्यापासून. हायड्रॉक्सीॲपेटाइट हे आपल्या हाडातल्या खनिजाच्याच जातीचं कॅल्शियम फॉस्फेट. त्याची पांढरी भुकटी पाण्यात इडलीच्या पिठाइतकी दाट कालवायची. स्पंज त्यात बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा आणि भट्टीत ठेवायचा. तापमान हळूहळूच चढवायचं. घाई केली की जळत्या स्पंजचा धूर जाळी फोडूनच बाहेर पडतो. पुढे साधारण १२५० अंशांना कण एकमेकांना चिकटतात. हाती येते हुबेहूब स्पंजची पांढरी जाळी. अंगठ्याने दाबा, चुरा!

मायक्रोस्कोपखाली कारण लख्ख दिसतं. जाळीची प्रत्येक काडी आतून पोकळ असते. स्पंजचा धागा जळून गेला, त्याची जागा तशीच राहिली. ही पोकळी असते तिकोनी, आणि तिच्या टोकदार कोपऱ्यांतूनच चिरा सुटतात. म्हणजे बाहेरची भोकं बिचारी निर्दोष. ती बुजवण्यात अर्थ नाही. जाळी पुन्हा पातळ मिश्रणात बुडवून पंपाने हवा खेचून घेतली, की मिश्रण काडीच्या पोटात शिरतं. मग परत भट्टी. दुसरा मार्ग पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारख्या, शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या लेपाचा. चीर पडते तेव्हाही लेपाचे तंतू दोन्ही काठ धरून ठेवतात.

अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेने २००६ साली वेगळीच वाट दाखवली: स्पंजच नको. मिश्रण एका दिशेने गोठवायचं. वाढणारे बर्फाचे पापुद्रे भुकटीला बाजूला सारत जातात. बर्फ उडवून भाजलं की भरीव भिंती उरतात. निम्म्याच्या आसपास जागा रिकामी असूनही १४५ मेगापास्कलपर्यंत दाब सोसणारे नमुने त्यांनी केले. हाडाच्या आतल्या जाळीदार भागाची ताकद २ ते १२ असते. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण फटी अरुंद, आणि ही ताकद बर्फ वाढला त्या दिशेची. आडव्या दाबाला ती कमी भरते.

म्हणून नुसत्या दाबाच्या आकड्यावर माझा भरवसा नाही. शल्यविशारद तो तुकडा चिमट्यात धरणार, कडा घासून खाचेत बसवणार. तेव्हा कोपरे झडले नाहीत, तर पुढची चाचणी.