कुनिंगाझची वंशावळ

इंग्रजीतील ‘किंग’, जर्मनमधील ‘क्योनिग’ आणि डचमधील ‘कोनिंग’ ही ज्या एका मूळपुरुषाची संतती, तो ‘*कुनिंगाझ’ कोणत्याही दप्तरात लिहिलेला आढळत नाही; भाषापंडितांनी तो तौलनिक अभ्यासाने पुनर्रचिला असून आरंभीची तारका हीच त्याची निशाणी होय. ‘कुल’ या अर्थाच्या शब्दापासून तो सिद्ध झाला, आणि त्या शब्दाचा धातू आपल्या ‘जन्’चा, म्हणून ‘जनक’ व ‘जन्म’ यांचाही, सगोत्र आहे. विलक्षण हे की, रशियनमध्ये त्याचा ‘क्न्याझ’ म्हणजे संस्थानिक झाला, लिथुआनियनमध्ये ‘कुनिगास’ म्हणजे चक्क धर्मोपदेशक. परंतु सर्वस्वी परक्या कुळातल्या फिनिश भाषेने उसना घेतलेला ‘कुनिंगास’ आजतागायत जवळजवळ अक्षत राखला. पुनर्रचनेच्या शास्त्राला इतका भरवशाचा साक्षीदार क्वचितच लाभतो.