बोंबील, डाकगाडी आणि तारखा

सोलापूरपासून समुद्र लांब. आपल्या बाजारात बोंबील दिसतो तो सुका, काडीसारखा. त्यामुळे हा मासा शिकारी आहे हे पटकन खरं वाटत नाही. पण ओल्या बोंबलाचा जबडा उघडून बघा: मोठं तोंड, टोकदार दात. जवळा आणि लहान मासे हे त्याचं खाणं. मग इंग्रजीत त्याला 'बॉम्बे डक', म्हणजे मुंबईचं बदक, का म्हणतात?

एक उत्तर तुम्ही ऐकलं असेल. सुके बोंबील मुंबईहून डाकगाडीने जायचे, डब्याला वास यायचा, म्हणून 'बॉम्बे डाक'. त्याचं झालं 'डक'. गोष्ट झकास आहे, प्रबंधात टाकायचा मोह होतोच. पण टाकण्याआधी तारखा लावून बघा.

बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली 16 एप्रिल 1853 रोजी. सोलापूरला रेल्वे आली 1860 मध्ये. आता यूल आणि बर्नेल यांचा 1886 चा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश उघडा. त्यात एल्फिन्स्टनचं 1803 चं एक वाक्य दिलंय, आणि त्यात मुंबईकडच्या इंग्रजांना 'डक्स' म्हटलंय. हे टोपणनाव माशावरून आलं असावं, असं कोशकार म्हणतात. तसं असेल तर 'डक' हे नाव गाडीपेक्षा निदान 50 वर्षं जुनं ठरतं.

झालं, गोष्ट खोटी ठरली? थांबा. 1803 चा पुरावा माणसांबद्दलचा आहे. माशापर्यंतचा दुवा हा कोशकारांचा अंदाज आहे. शिवाय डाक रेल्वेच्या आधीही होतीच, हरकारे ती पायी न्यायचे. म्हणजे धक्का बसतो तो 'गाडी'ला; 'डाक' शब्द अजून पूर्ण बाद होत नाही.

मूळ नावाचा पुरावा मात्र भक्कम आहे. फ्रायर हा इंग्रज प्रवासी 1673 च्या नोंदीत माझगावच्या 'बंबेलो' माशाबद्दल लिहितो, गरिबांचं अन्न म्हणून. हा आपला बोंबीलच.

तेव्हा वहीत तीन रकाने आखा: नोंद सापडली, अंदाज आहे, नुसती ऐकीव. प्रत्येक विधान त्यातल्या एकाच रकान्यात बसवा. व्हायवाला पहिला प्रश्न तिथूनच येतो: "हे कशावरून?"