परिचारिकेची नवी नोंदवही
क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) जखमांपेक्षा रोगराईने अधिक सैनिक दगावले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी नोंदींच्या आधारेच सिद्ध केले. आता ही नोंदवही संगणकात आली असून, भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या पदवी अभ्यासक्रमात तिचे शिक्षण समाविष्ट आहे.

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात रुग्ण मराठी, कन्नड वा उर्दूत बोलतो. नोंद मात्र बहुधा इंग्रजीत होते. म्हणून विद्यार्थिनीने प्रथम रुग्णाचे नाव व वय पडताळावे, औषध देताच वेळेसह नोंदवावे आणि दुसरीच्या परवलीच्या शब्दाने कधीही लिहू नये. ‘मागे एका सुईने अंगावर गांधी उठल्या होत्या,’ हे आजीबाईंचे बोल नोंदविले गेले नाहीत, तर रात्रपाळीची परिचारिका अजाणता तीच सुई टोचील. ऐकलेच नाही, ते यंत्र सांगणार कोठून?